सुंदरामावशीचं नामांकन

हुरड्याचे दिवस आले की ते आधी माझ्या नाकाला कळतं. धाराशिवला आमच्या घरासमोर एक मोकळा प्लॉट आहे. तिथं कुणीतरी गोवऱ्यांची आगटी पेटवतं, ज्वारीची कणसं निखाऱ्यात खुपसली जातात आणि तो धुरकट, गोडसर वास खिडकीतून थेट आत येतो. हातातलं काम मग हातात राहत नाही. यंदाही तसंच झालं. ताटलीत हुरडा, तिळाची चटणी आणि गुळाचा खडा घेऊन बसले, तर शेजारी नात मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली.

"आजी, सपोर्टिंग रोलच्या नॉमिनेशनमध्ये यंदा कोण येईल? तुझा अंदाज सांग ना. आमच्या ग्रुपवर सगळ्यांचे अंदाज घेतोय."

"अगं, सिनेमे कुठं बघितलेत मी?"

"बघायला कशाला लागतात? मी तरी कुठं सगळे बघितलेत! आधीचे पुरस्कार कुणी घेतले, चर्चा कुणाची जास्त आहे, एवढं टाकलं की ॲप सांगतं."

घास तोंडातच राहिला. माणसाचं काम डोळ्यांनी न बघता त्याच्या कामाचा अंदाज! या वयात मला आता कशाचा धक्का बसत नाही असं मी चारचौघांत सांगत असते. ते साफ खोटं आहे. आमच्या दादांनी हे ऐकलं असतं तर हातातला लॅक्टोमीटर खाली ठेवून त्यांनी कपाळाला हात लावला असता.

दादा म्हणजे माझे वडील. जळकोटच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात दूध सोसायटी निघाली आणि दादा तिथं फॅट काढायला, म्हणजे दुधाचा कस तपासायला लागले; लोक त्यांना मास्तर म्हणायचे. मॅट्रिक झालेला बुद्धनगरातला माणूस पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसणार आणि पाटलाच्या दुधाची डिग्री बघणार, हा गावाला पहिला धक्का होता. दुसरा त्याहून मोठा होता. सगळ्यांचं दूध एकाच टाकीत पडायचं. आमच्या घरचं, पाटलाच्या घरचं, धनगरवाड्यातलं. दोन दिवस काही म्हाताऱ्या कॅन घेऊन आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, कारण नासलेलं दूध सोवळं पाळत नाही. मी तेव्हा विशीत होते. गावात नव्यानं सुरू झालेल्या बालवाडीवर मला घेतलं होतं आणि तिची खोली डेअरीला लागूनच होती, त्यामुळं ओट्यावरचं सगळं माझ्या कानावर यायचं.

ओट्यावर सकाळी रांग लागायची. थंडीत लोक घोंगडी पांघरून, कॅन पायाशी ठेवून उभे. फॅट काढायला वेळ लागायचा आणि रिकामं तोंड गप्प बसत नसतं. टेम्पोवाला सोलापूरहून सिनेमाचं एक साप्ताहिक आणायचा, ते ओट्यावर हातोहात फिरून पार मऊ पडायचं. आणि हुरड्याचे दिवस आले की तो खेळ सुरू व्हायचा. मुंबईच्या मोठ्या पुरस्कारासाठी साइडच्या कामाला कुणाकुणाची नावं येणार?

हिरोबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. परगावचे पाहुणे चकित व्हायचे. त्यांना वाटायचं, या लोकांना हिरो आवडत नाही की काय? कारण वेगळंच होतं. आमच्या गावात सोसायटी कुठलीही असो, चेअरमन कोण होणार हे कुणाला विचारावं लागायचं नाही. ते पाटलाच्या माडीवर आधीच ठरलेलं असायचं आणि निवड बिनविरोध व्हायची. चुरस सगळी व्हाइस चेअरमनकीची. तिथं कुणाचंही नाव निघू शकायचं, तिथं डोकं चालवायला वाव होता. गावाची नजर वर्षानुवर्षं अशी दुसऱ्या खुर्चीवर तयार झालेली. सिनेमातही हिरो म्हणजे चेअरमन, त्याचं काय बोलायचं! हिरोचा भाऊ, हिरॉइनची आई, मोलकरीण, दरोगा यांच्यावर मात्र हमरीतुमरी व्हायची.

दादांचा अंदाज सहसा चुकत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "शकू, बोलणाऱ्याकडं सगळं थेटर बघत असतं. तू ऐकणाऱ्याकडं बघ. साइडवाल्याचं काम जबाब द्यायचं असतंय. ज्याला जबाब द्यायला आला, त्याचं नाव यादीत धरून चाल." हे सांगताना त्यांचं लक्ष दुधाच्या नळीवर होतं. तेव्हा मला हे बोलणं फार साधं वाटलं होतं.

आता सुंदरामावशीकडे येते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

बालवाडीच्या मागच्या अंगाला धनगरवाडा. पहिलंच घर सुंदरामावशीचं. ती आणि तिचा नवरा धोंडिबाकाका. त्यांना मूलबाळ नव्हतं, होती ती मेंढरं. तिन्हीसांजेला कळप माळावरून परत यायचा, ती वेळ मी लहानपणापासून बघत आलेली. काका वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभे राहायचे. मावशी आत, चुलीपाशी. एकेक मेंढरू आत शिरायला लागलं की मावशी चुलीपासूनच नाव घ्यायची, "बांडी?" आणि काका जबाब द्यायचे, "आली." "टिकली?" "आली." "लाखी?" "आली." कळप संपेपर्यंत हे चालायचं. मी एकदा तिला म्हटलं होतं, "मावशी, आकड्यानं मोजा की. लवकर होईल." ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आकड्यानं एक कमी हाय एवढंच कळंल. कोन कमी हाय ते कसं कळंल गं?" शेवटी नेहमी मोरीचं नाव असायचं. मोरीची आई ती जन्मताच मेली होती आणि मावशीनं तिला कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून वाढवलेलं. मोरी सगळ्यांत उशिरा यायची, वाटेतल्या प्रत्येक बाभळीपाशी थांबत थांबत. मावशी दमानं नाव घ्यायची, काका दमानं जबाब द्यायचे, मगच भाकरी तव्यावर पडायची.

मग दुष्काळ आला. माळावर गवताची काडी राहिली नाही. मावशी खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर जायला लागली आणि काका कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडले. किती महिने गेले कोण जाणे. एका दुपारी ते परत आले ते खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि मागं नुसतं कुत्रं. मावशी नुकतीच कामावरून आलेली, अंगावर खडीचा पांढरा फुफाटा. मी तिच्या दारात होते. तिनं विचारलं, "मेंढरं कुठं हायती?"

काका म्हणाले, "गेली."

तिनं वाट बघितली. कुठली, कशी, कुठं, काहीतरी सांगतील म्हणून ती उभीच राहिली. काकांनी घोंगडं खुंटीला लावलं आणि ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मावशी रडली नाही, भांडली नाही. तिनं त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं. बाकी गावाशी बोलायची, हसायचीसुद्धा. फक्त त्यांच्याशी नाही. मी घरात असले की म्हणायची, "शकू, त्यास्नी म्हणावं, भाकरी झाकून ठिवलीय." काका हातभर अंतरावर बसलेले असायचे. ते माझ्याकडं बघून म्हणायचे, "म्हणावं, जेवतो." हे मला इतकं भयंकर वाटायचं की निरोप द्यायला माझं तोंडच उघडायचं नाही. पुढं सोसायटीनं त्यांना म्हैस मिळवून दिली. मावशी धार काढायची आणि काका कॅन घेऊन डेअरीला यायचे. एक शब्द न बोलता दुधाचा संसार चाललेला.

पाऊस परतून आला, विहिरींना पाणी आलं आणि दुष्काळ संपल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात मुंबईहून एक सिनेमा कंपनी दुष्काळाचं शूटिंग करायला आमच्या गावात आली! हा धक्का अजून माझ्या पचनी पडलेला नाही. जो दुष्काळ आम्ही हाडांवर सोसला तो त्यांना आता तयार करून पाहिजे होता. तळातलं पाणी दिसू नये म्हणून विहिरीवर कॅमेरा असा तिरका लावला की ती कोरडी दिसावी. बाहेरगावाहून मेंढरं भाड्यानं आणली, ती निघाली चांगली गुबगुबीत, म्हणून त्यांच्या अंगाला चिखल फासला. हिरोला घाम दिसावा म्हणून त्याच्या तोंडावर पंपानं पाणी मारायचे. आमच्या गावची माणसं पारावर बसून हे बघत होती. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "आपल्या टायमाला ह्यो पंप कुठं हुता वो?"

त्यांना विहिरीच्या काठावर बसलेली एक बाई पाहिजे होती. मुंबईहून आणलेली नटी उन्हानं आजारी पडली. दिग्दर्शकाची नजर गर्दीवरून फिरत सुंदरामावशीवर थांबली आणि तिथंच राहिली. आम्हाला सगळ्यांना दोरीच्या पलीकडं लांब उभं केलं. मावशी काठावर बसली. कंपनीचा एक पोरगेला माणूस तिच्या कानाशी लागून काहीतरी बोलला आणि बाजूला झाला. कॅमेरा घरघरत होता. मावशीचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. पण तिचा चेहरा! इतकी वर्षं तिच्या घरी जाऊन-येऊन मी तो चेहरा पाहिला नव्हता. काम संपल्यावर दिग्दर्शक उठून तिच्या पाया पडला. लोकांनी तिला गराडा घातला, "काय बोलला वो मावशी?" ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं त्ये." त्यापुढं एक शब्द नाही.

झालं! गावाला दुसरा उद्योगच उरला नाही. त्या वर्षी हिवाळ्यात ज्वारी अशी आली होती की माणूस धाटात दिसेना. कित्येक वर्षांनी पोटभर हुरडा. आणि ओट्यावर एकच नाव, सुंदराबाई. साइडच्या कामाचं नामांकन तिलाच मिळणार. दिग्दर्शक पाया पडला म्हणजे काय खायचं काम आहे? सिनेमा अजून कुणी पाहिलेला नव्हता. नातीवर मी एवढी चिडले खरी, पण तेव्हा आमच्या अख्ख्या गावानं तेच केलं होतं, तेही बिनॲपचं.

एवढ्यावर भागलं असतं तर ते आमचं गाव कसलं! नामांकन म्हणजे काय, याबद्दल गावाची समजूत सोसायटीच्या निवडणुकीवरून झालेली. उमेदवार आला म्हणजे सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे. त्याशिवाय अर्ज बाद. मुंबईत एवढे अर्ज जात असणार आणि आपल्या बाईला सूचकच नाही म्हणून तिचं नाव मागं पडलं तर? म्हणून दूध सोसायटीच्या सभेत रीतसर ठराव मांडला गेला. दादांनी समजावलं, की असं नसतंय, तिथले लोक सिनेमा बघून ठरवतात. चेअरमन भडकले, "मास्तर, बिनसूचकाचं नाव कुठं लागतंय का? तुमी फॅट बघा." सूचक ते स्वतः झाले. मग त्यांनी विचारलं, "अनुमोदन कोण देणार?"

हात बरेच वर झाले असते. पण त्याआधीच मागच्या भिंतीपाशी धोंडिबाकाका उठून उभे राहिले. हातातली टोपी चुरगळत म्हणाले, "म्या देतो."

मावशी बायकांत बसली होती. तिनं मान वळवली नाही, फक्त पदर डोक्यावर पुढं ओढला. सभा उठल्यावर काका डेअरीत आले. दादा टाकी धुवत होते, मी बादली धरलेली. काकांनी विचारलं, "मास्तर, नाव आलं तर… बोलंल का वो ती माझ्याशी?"

दादांनी परत टाकी घासायला घेतली. मी बादलीतल्या पाण्याकडं बघत राहिले. गाव पुरस्काराच्या मागं लागलेलं आणि या माणसाचं सगळं गुंतलेलं एका शब्दात, तोही घरातल्या बाईच्या तोंडच्या. मला त्या क्षणी फार भीती वाटली. नाव आलं नाही तर याचं काय होणार?

नाव आलं नाही. हे आत्ताच सांगून टाकते, ताणून धरणं मला जमत नाही. पुढं महिन्याभरानं टेम्पोवाल्यानं साप्ताहिक आणलं, त्यात पुष्कळ नावं होती, आमच्या गावचं नव्हतं. मुंबईला पाठवलेल्या ठरावाचं उत्तरही आलं नाही. पण तोवर ओट्यावर कुणाला त्याचं फारसं काही वाटेनासं झालं होतं. कारण मधल्या काळात तालुक्याच्या थेटरात तो सिनेमा लागला आणि आम्ही तो बघून आलो होतो.

दूध पोचवून रिकामा झालेला सोसायटीचा टेम्पो आणि मागं बैलगाड्या, असं अर्धं गाव दुपारच्या खेळाला गेलं. थेटर पत्र्याचं, आत बाकडी. मधे कमरेएवढी भिंत, अलीकडं बायका आणि पलीकडं पुरुष. बायकांनी हुरड्याची गाठोडी आणलेली, त्यामुळं सगळ्या थेटराला आमच्या शेताचा वास. मावशी माझ्या शेजारी बसली होती. तिनं नेसायला ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलेलं. भिंतीपलीकडं, बराच मागं, काका. दादा आणि चेअरमन पुढं.

सिनेमा हिंदी. अर्धा निघून गेला तरी मावशी दिसेना. बायका चुळबुळ करायला लागल्या. आणि एकदम ती विहीर आली, आणि पडदाभर मावशीचा चेहरा.

शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. पत्रे दणाणले. मी मावशीचा हात धरला. तिचे ओठ हलले आणि आवाज आला.

तो आवाज तिचा नव्हता.

कुणीतरी शहरातली बाई, गुळगुळीत गोड गळ्याची, हिंदीत रडत होती. धरतीमाता, लेकरू, काळजाचा तुकडा असं काहीबाही. ओठ आमच्या सुंदरामावशीचे आणि आतून बोलतंय कोण! टाळ्या जागच्या जागी थिजल्या. "अगं बया, ही कोन बोलायली?" मागची एक बाई घाबरून म्हणाली. भूत अंगात आल्यावर बोलतं तसं ते होतं. आजवर मी इतकी हादरलेली नाही. बाईचं तोंड वापरलं आणि बोलणं फेकून दिलं! मी मावशीकडं बघितलं. ती पडद्याकडं टक लावून बसली होती, तिला जराही नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून, अंधारातून, एक जाडाभरडा आवाज आला.

"आली."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "गप ऱ्हा की." मला मात्र हसू आलं नाही. मी पुन्हा पडद्याकडं बघितलं, या वेळी आवाज सोडून नुसत्या ओठांकडं, आणि मला कळलं. ओठ मिटले, उघडले. बांडी. विहिरीच्या काठावर बसून ती बांडी म्हणाली होती, आणि काकांच्या तोंडून जुन्या सवयीनं जबाब निघून गेला होता. आता ओठ फाकले. टिकली.

मग काकांचा आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक. "टिकली… इकली. बार्शीच्या बाजारात."

आता कुणी हसलं नाही. पडद्यावरची ती परकी बाई हिंदीत हुंदके देतच होती, पण धनगरवाड्यातल्या एकाही माणसाचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. सगळे मावशीचे ओठ वाचत होते. लाखी. "लाखी तेरणेच्या वाळूत बसली, ती उठलीच न्हाय. पानी न्हवतं." भुंडी. "भुंडी आन् तिचं कोकरू संगंच इकलं. वेगळं केलं न्हाय म्या." काकांचा जबाब चुकत नव्हता. तिनं नाव घ्यायचं आणि त्यांनी सांगायचं, वाघरीच्या तोंडाशी उभं राहून सांगायचे तसंच. त्या दुपारपासून भिंतीकडं तोंड करून जे गिळलं होतं ते सगळं. डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला, "ए म्हाताऱ्या, भाईर काढू का?" पुढून चेअरमन उठले. "राहू द्या त्यास्नी. घरचं बोलनं चाललंय."

आणि सिनेमा पुढं सरकला. मावशीचा चेहरा गेला, हिरो आला, घोड्यावर बसून. गाणं सुरू झालं. मोजणी अर्धीच राहिलेली.

माझ्या हातातला हात सुटला. मावशी उठून उभी राहिली. पडद्यावरचा उजेड तिच्या पाठीवर आणि तोंड मागं, भिंतीपलीकडच्या अंधाराकडं. स्वतःच्या आवाजात, चुलीपासून साद द्यायची तेवढ्याच जोरानं, तिनं विचारलं,

"आन् मोरी?"

अख्ख्या थेटरात फक्त ते गाणं. मला वाटलं, आता हा माणूस गप्प बसला तर सगळं संपलं.

"मोरी येईना झाली," काका म्हणाले. "कसायाच्या गाडीत चढंना. पाय रोवून हुबी राहिली. म्या… म्या उचलून दिली तिला. माज्या हातानं."

बायकांनी पदर तोंडाला लावले. मावशी तशीच उभी. मग म्हणाली, "व्हय. ती हट्टीच हुती."

आणि खाली बसली.

पुढचा सिनेमा मला आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा उन्हं कलली होती, लोक एकमेकांच्या नजरा चुकवत टेम्पोपाशी उभे होते. चेअरमननी शेवटी विचारलंच, "सुंदराबाई, त्या मानसानं तुमाला काय सांगितलं हुतं वो?"

"त्यो म्हनला, कायबी बोला, ओठ हलू द्या, आवाज आमी मुंबईत घालतो. आकडं मोजा म्हनला." मावशी अगदी सहज सांगत होती. "म्या मोजली की."

चेअरमन खाली बघायला लागले. दादांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला. मग घसा साफ करून म्हणाले, "चेअरमनसाहेब, ठरावात नाव चुकलं आपलं. साइडचं काम बाईचं न्हवतंच. तिचं मेन हुतं. साइडचं धोंडिबाचं."

"दुरुस्ती करू," चेअरमन म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. पुढच्या सभेत ती दुरुस्ती खरोखर झाली, एकमतानं. अनुमोदन कुणी दिलं, ते सांगायला नको.

टेम्पोत रिकामे कॅन, गाठोडी, माणसं, पाय ठेवायला जागा नाही. काका आधीच चढून कोपऱ्यात पोत्यावर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून, मान खाली. मी मावशीला हात देऊन वर घेतलं. ती उभी राहिली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. सवयीनं मी निरोप न्यायला तयार झाले. पण ती माझ्याशी काही बोलली नाही. ती दोन कॅन ओलांडून कोपऱ्यापर्यंत गेली आणि म्हणाली,

"सरका की जरा."

काका सरकले.